रडारवर २०, पर्जन्यमापकात ९०: पावसाच्या आकड्यांतली तफावत कशी शोधायची

जूनचा शेवटचा आठवडा लागतो, घाटमाथ्यावर झड धरते, आणि माझ्याकडे एक ठरलेला प्रश्न यायला लागतो. विचारणारे दरवर्षी वेगळे असतात. कुणी धरणाच्या पाणलोटाचा हिशोब ठेवतं, कुणाचा प्रबंध चालू असतो, कुणी गावातल्या शेतकरी गटासाठी पावसाचे तक्ते करतं. प्रश्न मात्र तोच: "रडारवरून काढलेला पाऊस २० मिलिमीटर येतोय, उपग्रहाचा १२, आणि खाली पर्जन्यमापकात ९० साठलाय. खरं काय धरायचं?" आणि लगेच पुढचं वाक्य, "सरळ साडेचारने गुणून टाकू का?"

गुणू नका, निदान लगेच तरी नको. मी एकदा गुणलं होतं. कृष्णेच्या वरच्या खोऱ्याचा तक्ता करताना घाटमाथ्यावरच्या एका केंद्रावरून गुणक काढला आणि तो अख्ख्या खोऱ्याला लावला. महाबळेश्वरकडचे आकडे सुरेख जुळले. पण वाईच्या पुढे, जिथे वर्षाकाठी हजार मिलिमीटरही पडत नाही, तिथे माझ्या तक्त्यात ओढे दुथडी भरून वाहत होते. तिथल्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, "अहो, आम्ही इथे पेरणीसाठी आभाळाकडे बघतोय." त्या फोननंतर मी तपासणीचा एक क्रम बसवला, तो इथे लिहितो. सोप्या चुका आधी धुंडाळायच्या, कारण निम्म्याहून जास्त वेळा रडार आणि उपग्रह दोघंही बरोबर असतात आणि आपण त्यांचे आकडे चुकीच्या खणात टाकलेले असतात.

आधी घड्याळ आणि एकक

भारतीय हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. काल सकाळी ८.३० पासून आज सकाळी ८.३० पर्यंत जो पडला, तो आजच्या तारखेला लिहिला जातो. म्हणजे १५ जुलैच्या रकान्यातला पाऊस बहुतांशी १४ जुलैचा असतो.

उपग्रहाच्या माहितीचा दिवस जागतिक वेळेनुसार चालतो. पाऊस मोजणाऱ्या उपग्रहांच्या जीपीएम मोहिमेची आयमर्ग ही माहिती आपल्याकडे सर्वांत जास्त वापरली जाते. तिचा १५ जुलैचा दिवस आपल्या घड्याळात १५ तारखेच्या पहाटे ५.३० ला सुरू होऊन १६ च्या पहाटे ५.३० ला संपतो. आता दोन्ही तक्ते तारखेला तारीख लावून जोडले, तर दोघांत फक्त पहिल्या तीन तासांचा पाऊस सामाईक उरतो, बाकीचे २१ तास वेगवेगळ्या दिवसांचे. मोठा पाऊस एका दिवसात येऊन गेला असेल, तर उपग्रहाने तो एक दिवस आधीच पाहिला असं दिसतं आणि सहसंबंध पार कोसळतो. उपाय सोपा आहे. दैनिक फाइल घेऊच नका. अर्ध्या तासाच्या ४८ फाइली घ्या, जागतिक वेळेच्या ०३.०० पासून दुसऱ्या दिवशीच्या ०३.०० पर्यंत, आणि बेरीज शेवटच्या तारखेला लिहा.

ती बेरीज करतानाच दुसरा खड्डा येतो. अर्ध्या तासाच्या फाइलीतला आकडा पर्जन्यदर आहे, मिलिमीटर प्रति तास. अर्ध्या तासात पडलेलं पाणी हवं असेल तर प्रत्येक आकडा निम्मा करायला हवा. नुसती बेरीज केली की पाऊस बरोब्बर दुप्पट होतो. हे मी इतक्या जणांच्या तक्त्यांत पाहिलंय की आता उपग्रह दुप्पट दाखवतोय असं कुणी म्हटलं की आधी तेवढंच विचारतो. मासिक फाइलीतही दर तासालाच असतो, तिथे महिन्याच्या एकूण तासांनी गुणावं लागतं.

आयमर्गच्या सारणीत रेखांश आधी आणि अक्षांश नंतर येतो, आणि अक्षांश दक्षिणेकडून वर चढतो. नकाशा आडवा पडलेला किंवा उलटा दिसला तर कारण तेच. भारत ओळखीचा आहे म्हणून पूर्ण नकाशात चूक लगेच कळते. एकाच केंद्राचा आकडा काढणाऱ्याला मात्र ती दिसतच नाही, तो भलत्याच जागेचा पाऊस महिनोन्‌महिने उतरवत राहतो. म्हणून एकदा तरी किनारपट्टीसकट पूर्ण नकाशा काढून बघा. जुना प्रोग्रॅम नव्या फाइलींवर अडखळत असेल तर रकान्याचं नाव बघा: सहाव्या आवृत्तीत ते 'प्रेसिपिटेशनकॅल' होतं, सातव्यात नुसतं 'प्रेसिपिटेशन' झालं.

आणखी एक गोष्ट. आयमर्गच्या तीन फेऱ्या निघतात. पहिली साधारण चार तासांत येते, दुसरी त्यानंतर दहा-बारा तासांनी, आणि अंतिम फेरी काही महिन्यांनी, जमिनीवरच्या पर्जन्यमापकांच्या मासिक आकड्यांशी जुळवून. मागच्या वर्षीचा अभ्यास अंतिम फेरीवर आणि यंदाचा इशारा पहिल्या फेरीवर, असं केलं तर मागच्या वर्षी बसवलेली दुरुस्ती यंदा लागू पडणार नाही.

रडारचं कोणतं चित्र बघताय?

हवामान खात्याच्या संकेतस्थळावर एकाच रडारची चार-पाच चित्रं असतात आणि ती एकाच गोष्टीची नसतात. 'मॅक्स झेड' या चित्रात प्रत्येक जागेच्या वर, जमिनीपासून ढगाच्या माथ्यापर्यंत, जी सर्वांत मोठी परावर्तकता (रडारकडे परत आलेल्या ऊर्जेचं माप) सापडली ती दाखवलेली असते. ती सहा किलोमीटर उंचीवरच्या गारेची असू शकते. वादळ किती जोमात आहे हे कळायला ते चित्र उत्तम, पण त्यावरून जमिनीवरचा पाऊस काढू नका. वळवाच्या ढगांत तो हमखास फुगलेला येतो. पावसासाठी 'एसआरआय' बघा, त्यात जमिनीलगतचा पर्जन्यदर काढलेला असतो. जमलेल्या पावसासाठी 'पीएसी'.

चित्रातल्या रंगावरून आकडे काढणारेही बरेच आहेत. मूळ माहिती हाताशी नसली की दुसरा मार्ग नसतो हे मला मान्य आहे. पण एक रंग म्हणजे परावर्तकतेचा एक पट्टा असतो हे ध्यानात ठेवा. ४० ते ४४ डीबीझेड (परावर्तकतेचं एकक) एकाच रंगात असतील, तर नेहमीच्या मार्शल-पामर सूत्राने (ते पुढे दिलंय) पाऊस ताशी ११.५ मिलिमीटरही असू शकतो आणि २०.५ ही. एवढी अनिश्चितता पुढची कोणतीही दुरुस्ती झाकू शकत नाही.

आता डीबीझेडची सरासरी. हे एकक लॉगरिदमवर बेतलेलं आहे, त्यामुळे त्याची सरळ सरासरी काढली की हिशोब बिघडतो. शेजारशेजारच्या दोन चौकटी घ्या, एकीत २० डीबीझेड, दुसरीत ५०. मार्शल-पामर सूत्राने पहिलीत ताशी ०.६५ मिलिमीटर पाऊस आहे, दुसरीत ४८.६, म्हणजे सरासरी सुमारे २४.६. पण आधी डीबीझेडची सरासरी काढून ३५ धरले, तर पाऊस येतो ५.६. चारपटीहून मोठी चूक, आणि रडारचा त्यात काडीचाही दोष नाही. नियम एवढाच: प्रत्येक चौकटीचा पाऊस आधी काढायचा, सरासरी त्यानंतर. चित्र लहान-मोठं करताना सॉफ्टवेअर आपल्या नकळत हीच सरासरी काढतं, तिथेही लक्ष ठेवा.

पर्जन्यमापकाला सूट देऊ नका

तफावत दिसली की आपण पर्जन्यमापक बरोबर धरूनच पुढे जातो. एका पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका शाळेच्या गच्चीवरचा स्वयंचलित मापक विचित्र वागत होता. मोठी सर येऊन जायची, रडारवर आभाळ मोकळं व्हायचं, आणि मापक मात्र पुढचे चार-पाच तास एकाच संथ लयीत पाऊस नोंदवत राहायचा. आलेखात सरीचं टोक कापलेलं आणि मागे लांबलचक सपाट शेपूट. वर जाऊन नरसाळं काढलं, तर तळाच्या भोकाशी कुंभारीण माशीने मातीचं सुबक घर बांधलेलं. पाणी वर साठून त्या मातीतून झिरपत होतं. दिवसाचा एकूण पाऊस जवळपास बरोबर येत होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. तासागणिक तुलना करायला बसलो तेव्हाच ते उघडं पडलं. अशी सपाट शेपटी दिसली की आधी नरसाळं बघा.

मुसळधार पावसात डोलणाऱ्या भांड्याचा मापक कमी मोजतो, हा दुसरा दोष. प्रत्येक ०.२ मिलिमीटरला भांडं एकदा कलंडतं. ताशी १०० मिलिमीटरच्या पावसात ते तासाला ५०० वेळा, म्हणजे दर सात सेकंदांनी कलंडायला हवं. कलंडतानाच्या क्षणात आलेलं पाणी मोजणीत येत नाही, आणि पाऊस जितका जोरात तितकं ते जास्त. तपासायला फार काही लागत नाही. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास मोजा. सोळा सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर. अशा मापकात एक लिटर पाणी म्हणजे ५० मिलिमीटर पाऊस. बाटलीला बारीक भोक पाडून ते लिटरभर पाणी तासाभरात ओतलं जाईल असं करा आणि नोंदी मोजा, २५० यायला हव्यात. मग तेवढंच पाणी वीस मिनिटांत ओता आणि पुन्हा मोजा. दुसऱ्या वेळी जितक्या नोंदी कमी, तितकी जोराच्या पावसातली तूट.

मापकाच्या डोक्यावर झाड वाढलंय का, भिंत जवळ आलीय का, हेही दरवर्षी बघावं लागतं. झाड दरवर्षी वाढतं आणि केंद्राचं रजिस्टर ते लिहून ठेवत नाही.

एक मापक आणि एक चौकट यांची तुलना मुळात किती न्याय्य आहे, हा प्रश्न तरीही उरतोच. आयमर्गची चौकट ०.१ अंशाची, आपल्या अक्षांशावर सुमारे ११ गुणिले १०.५ किलोमीटर. तिच्यासमोर आपण सोळा सेंटिमीटरचं तोंड ठेवतो. २६ जुलै २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. दोन्ही आकडे खरे. त्यामुळे एका दिवसाच्या, एका केंद्राच्या तफावतीवरून कोणताही निष्कर्ष काढू नका. किमान महिन्याची बेरीज आणि आसपासची चार-पाच केंद्रं घ्या.

थेंबांचा आकार: इथे रडार खरंच फसतं

वरचं सगळं तपासून झालं आणि तफावत उरलीच, तर आता ती खरी. आता रडारकडे वळायचं.

रडार पाऊस मोजत नाही, थेंबांवरून परत आलेली ऊर्जा मोजतं. ही ऊर्जा थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताप्रमाणे वाढते, आणि पाणी वाढतं तिसऱ्या घाताप्रमाणे. चार मिलिमीटरचा एक थेंब घ्या. त्यात एक मिलिमीटरच्या ६४ थेंबांएवढं पाणी असतं, पण रडारला तो तसल्या ४०९६ थेंबांएवढा दिसतो. म्हणजे थोडेसे टपोरे थेंब रडारवर लालभडक दिसतात, आणि बारीक थेंबांची दाट झड, जी दिवसभरात रस्ते बुडवते, ती फिकट हिरव्या-पिवळ्यात राहते.

परावर्तकतेवरून पाऊस काढायचं सर्वांत प्रचलित सूत्र मार्शल आणि पामर यांच्या नावाने ओळखलं जातं: झेड बरोबर २०० गुणिले आरचा १.६ वा घात (झेड म्हणजे लॉगरिदम न घेतलेली परावर्तकता, आर म्हणजे ताशी मिलिमीटरमधला पाऊस). त्याचा पाया १९४८ साली छापलेल्या कॅनडातल्या पावसाच्या अभ्यासात आहे. तिकडच्या संथ, विस्तीर्ण पावसाला ते शोभतं. अमेरिकेच्या रडारजाळ्यात गडगडाटी पावसासाठी ३०० आणि १.४ वापरतात, आणि उष्ण कटिबंधातल्या दमट पावसासाठी २५० आणि १.२. फरक किती पडतो ते बघा. ३० डीबीझेडला पहिलं सूत्र ताशी २.७ मिलिमीटर देतं, शेवटचं ३.२. फारसं बिघडत नाही. ४० ला ११.५ विरुद्ध २१.६, जवळजवळ दुप्पट. ५० ला ४८.६ विरुद्ध १४७, तिपटीहून जास्त. रडार तेच, परावर्तकता तीच, फक्त थेंबांबद्दलची समजूत बदलली.

आपल्याकडे कोणतं धरायचं? एकच धरून वर्ष काढता येत नाही. महाबळेश्वरला आयआयटीएम या पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेची डोंगरमाथ्यावरची मेघभौतिकी प्रयोगशाळा आहे. तिथे थेंबांचा आकार मोजणाऱ्या यंत्राच्या नोंदींत मोसमी पावसात लहान थेंबांचा भरणा मोठा दिसतो. म्हणून कोकण आणि घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टात मी उष्ण कटिबंधीय सूत्र लावून बघतो. मराठवाडा-विदर्भात मे महिन्याचा वळीव असेल तर ते चुकूनही लावू नका. तिथे थेंब टपोरे, सोबत गारा, आणि ढगाचा तळ उंच. खालच्या तापलेल्या कोरड्या हवेत पाऊस जमिनीवर पोचायच्या आधी निम्मा-अर्धा आटतो. तिथल्या लोकांना हे दृश्य नवं नाही: आभाळातून पावसाचे पडदे लोंबताना दिसतात आणि अंगणात धूळ तशीच. गारांसाठी परावर्तकतेला वरून मर्यादा घालतात, साधारण ५३ डीबीझेड. त्याच्या वरचं सगळं ५३ च धरायचं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चसारखी गारपीट असेल आणि ही मर्यादा घातली नसेल, तर कागदावर अशक्य पाऊस उभा राहतो.

रडार दुहेरी ध्रुवीकरणाचं, म्हणजे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडणारं असेल आणि मूळ फाइली मिळत असतील, तर जोराच्या पावसासाठी परावर्तकता सोडून 'केडीपी' वापरा. आडव्या आणि उभ्या लहरींच्या कलेत दर किलोमीटरला किती फरक पडतो ते केडीपी सांगतं. चपट्या थेंबांमुळे आडवी लहर मागे पडते, गोलसर गारांमुळे फारशी नाही, त्यामुळे गारांनी फसगत होत नाही. रडारचं मापांकन चुकलं असलं किंवा झोत डोंगराने थोडा अडवला असला, तरी केडीपीला धक्का लागत नाही. हलक्या पावसात मात्र त्यात गोंगाट फार, तिथे परावर्तकताच बरी.

झोत किती उंचावरून गेला?

कोकण आणि घाटासाठी मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो तो हा भाग, आणि नेमका हाच तपासला जात नाही.

रडारचा झोत सरळ जातो, पृथ्वी खाली वळत जाते. शिवाय झोत जमिनीला समांतर नसतो, किंचित वर रोखलेला असतो. उंची काढायचा साधा हिशोब असा: अंतर किलोमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६,९९० ने भागा. त्यात अंतर गुणिले कोनाचा साइन मिळवा. रडारची स्वतःची उंची वेगळी मिळवायची. अर्ध्या अंशाच्या फेरीला (झोत अर्धा अंश वर रोखून रडार फिरतं तेव्हा) १०० किलोमीटरवर झोताचा मध्य सुमारे दीड किलोमीटर उंच असतो, १५० वर २.६, आणि २०० वर ४.१.

आता चिपळूण घ्या. मुंबईच्या कुलाबा रडारपासून हवाई अंतर साधारण १७० किलोमीटर. अर्ध्या अंशाच्या फेरीत तिथे झोताचा मध्य ३.१ ते ३.२ किलोमीटरवर येतो. एक अंश रुंदीचा झोत तिथवर पसरून तीन किलोमीटर जाड झालेला असतो, म्हणजे त्याची खालची कडाही जमिनीपासून दीड किलोमीटरहून वर. दक्षिणेकडून पणजीचं रडार बघायला जावं, तर तिथून चिपळूण २२५ किलोमीटर, आणि झोत जवळपास पाच किलोमीटरवर. गावाच्या डोक्यावरचा खालचा दीड किलोमीटर या दोघांपैकी कुणालाच दिसत नाही.

आणि सह्याद्रीचा पाऊस तिथेच तयार होतो. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा डोंगराला धडकून चढतो, खालच्या थरात दाट ढग करतो. वरून येणारा बारीक थेंब या ढगातून पडताना पाणी गोळा करत येतो आणि जमिनीवर येईपर्यंत पाऊस कितीतरी वाढलेला असतो. रडारने तीन किलोमीटरवर जे पाहिलं ते या वाढीच्या आधीचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि २३ तारखेच्या सकाळच्या नोंदीत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस होता. अशा दिवशी दूरच्या रडारचा आकडा तोकडा पडणारच, कारण त्याला दिसतच नाही तिथे पाणी भरलं जात असतं.

तेव्हा तुमच्या प्रत्येक केंद्रासमोर एक रकाना वाढवा: झोताची उंची, वजा केंद्राची समुद्रसपाटीपासूनची उंची. हा आकडा दोन किलोमीटरच्या पुढे गेला की घाटातल्या मोसमी पावसासाठी मी रडारवर एकट्यावर विसंबत नाही. उलटी चूकही संभवते. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी पाच किलोमीटरच्या आसपास असते. झोत तिच्या किंचित खालून गेला की वितळणारं, पाण्याने माखलेलं हिम रडारला प्रचंड थेंबांसारखं दिसतं आणि पाऊस फुगतो. दोन अंशाच्या फेरीत हे १२० किलोमीटरच्या सुमारास घडतं. रडारभोवती कंकणासारखं तेजस्वी वर्तुळ दिसलं की ते पावसाचं नाही, वितळण्याचं आहे.

गुणोत्तरांचा नकाशा

माझं सगळ्यात लाडकं साधन हे. प्रत्येक केंद्रासाठी महिन्याचा पर्जन्यमापकाचा एकूण पाऊस भागिले रडारचा एकूण पाऊस काढा आणि तो आकडा नकाशावर त्या जागी लिहा. वहीच्या पानावर पेन्सिलीने केलं तरी चालेल. मग नुसतं बघत बसा, दोष आपला आकार स्वतः दाखवतो.

सगळीकडे गुणोत्तर साधारण सारखंच आलं, समजा दीड, तर रडारचं मापांकन किंवा सूत्र चुकलंय. रडार ३ डेसिबलने कमी दाखवत असेल तर मार्शल-पामर सूत्रात खरा पाऊस नेमका दीडपटीच्या थोडा वर जातो. रडारपासून दूर जावं तसं गुणोत्तर वाढत गेलं, तर झोताची उंची. एकाच दिशेच्या फाकेत वाढलं, तर तिथे डोंगर, इमारत किंवा मनोरा झोत अडवतोय. पूर्ण हंगामाची बेरीज करून चित्र काढलं तर ती फाक सावलीसारखी स्पष्ट दिसते. जागा दर वेळी बदलते पण नेहमी जोरदार पावसाच्या पलीकडेच असते, तर झोत पावसातून जाताना क्षीण होतोय. आखूड लहरींच्या एक्स-बँड रडारला हा त्रास सर्वांत जास्त, सी-बँडला मध्यम, लांब लहरींच्या एस-बँडला नगण्य. रडारवरच मुसळधार कोसळत असताना सगळ्या दिशा एकदम फिक्या पडल्या, तर रडारवरच्या संरक्षक घुमटावर साठलेलं पाणी. समुद्रावर किंवा डोंगररांगेवर पाऊस नसताना रोज त्याच जागी प्रतिध्वनी दिसत असेल, तर त्या चौकटी वगळूनच टाका.

आणि रडारच्या बेरजेत कंगव्याच्या दातांसारखे पट्टे दिसले तर घाबरू नका. रडारची फेरी दहा मिनिटांनी येते. ताशी ४० किलोमीटरने धावणारी सर तेवढ्यात साडेसहा-सात किलोमीटर पुढे जाते, मधली जागा कोरी राहते. दोन फेऱ्यांच्या मध्ये सर सरकवत नेऊन मिनिटामिनिटाची बेरीज केली की पट्टे जातात.

उपग्रह घाटात का कमी दाखवतो

इन्सॅट-३डीआरसारखे भूस्थिर उपग्रह ढगाच्या माथ्याचं तापमान बघतात. माथा थंड म्हणजे ढग उंच, उंच म्हणजे पाऊस जास्त, असा त्यामागचा तर्क. १९८० च्या दशकातली जीपीआय पद्धत तर इतकी सरळ होती: माथा २३५ केल्व्हिनहून थंड असेल तर ताशी ३ मिलिमीटर धरा. अडीच अंशाच्या मोठ्या चौकटीत आणि महिन्याच्या सरासरीत हे बऱ्यापैकी जमतं. घाटातल्या जुलैच्या झडीत ढग बुटके असतात, माथा फारसा थंड नसतो, आणि तरी पाऊस कोसळत असतो. उपग्रहाला तिथे पाऊस दिसतच नाही. याच्या उलट, गडगडाटी ढग विरून गेल्यावर वर पसरून राहिलेला पांढरा पडदा अतिशय थंड असतो, त्याच्याखाली पाऊस नसतानाही दाखवला जातो. ढगाचा माथा १५ किलोमीटरवर असेल तर उपग्रह तिरका बघत असल्यामुळे तो पाच-सहा किलोमीटर उत्तरेकडे सरकलेला दिसतो, एवढंही लक्षात असू द्या.

सूक्ष्मलहरींचे उपग्रह ढगाच्या आत बघतात, पण जमिनीवर त्यांचा भरवसा ढगातल्या बर्फाच्या कणांवर असतो. बुटक्या उबदार ढगात बर्फच नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत सोडलेल्या जीपीएमच्या मुख्य उपग्रहावर दोन वारंवारितांचं रडार आहे, ते खरंच पाऊस बघतं. पण डोंगरात जमिनीचा प्रतिध्वनी मिसळल्याने खालचा एक-दोन किलोमीटर त्यालाही गमवावा लागतो, आणि तो उपग्रह एकाच जागेवरून क्वचितच जातो. तिन्ही साधनं वेगवेगळ्या वाटेने येऊन घाटाच्या त्याच खालच्या थराशी अडतात. म्हणून रडार आणि उपग्रह दोघांनीही कमी दाखवलं तेव्हा पर्जन्यमापकच खोटा असणार, हा तर्क सह्याद्रीत लागू होत नाही. मी अशी खरी नोंद खोडलेली पाहिलीय, आणि ती त्या हंगामातली सर्वांत मोठी नोंद होती.

आता गुणायचं असेल तर

एवढं सगळं झाल्यावर दुरुस्तीचा गुणक काढा. पण किनारपट्टी, घाटमाथा आणि पूर्वेकडचा पर्जन्यछायेचा पट्टा, यांचे तीन वेगळे गुणक ठेवा. गुणक काढताना दोन्हीकडची बेरीज करून मग भागा. रोजच्या गुणोत्तरांची सरासरी काढली, तर रडारवर ०.२ आणि मापकात ४ असलेला एक किरकोळ दिवस अख्खा महिना ओढून नेतो. एक केंद्र हिशोबाबाहेर ठेवा आणि गुणक लावल्यावर त्याच्याशी जुळतंय का बघा, मग दुसरं बाहेर ठेवा. एका केंद्रावर सगळं उभं असेल तर ते लगेच कळतं. माझ्या कृष्णेच्या तक्त्यात मी एवढं केलं असतं तर वाईचा तो फोन करावा लागला नसता.

शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच राहतं. उपग्रहाला पाऊस दिसलाच नाही त्या दिवसांसाठी गुणक निरुपयोगी आहे, तिथे मापकांच्याच आकड्यांवरून नकाशा भरावा लागतो. जुन्या वर्षांसाठी हवामान खात्याची पाव अंशाची, केवळ पर्जन्यमापकांवर आधारलेली १९०१ पासूनची माहिती आहे, ती ताडून बघायला घ्या.

चिपळूणच्या वरच्या चौकटींत मी आता रडारचा आकडा लिहीतच नाही. तिथे जवळच्या तीन पर्जन्यमापकांचे आकडे तासागणिक लिहितो, आणि शेजारच्या रकान्यात झोताची उंची: ३.१ किलोमीटर.